अल्सर आणि एच. पायलोरी: फुंकून, शौचातून की रक्तातून, टेस्ट कुठली आणि कधी करायची

अल्सरच्या पेशंटला एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, परत दुर्बीण घालणार का? बहुतेक वेळा नाही घालणार. नळीतून फुंकून किंवा शौचाचा छोटासा नमुना देऊन काम भागतं, आणि नीट केल्या तर या दोन्ही टेस्ट दुर्बिणीतून तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या तोडीस तोड असतात. पण हे "नीट केल्या तर" फार महत्त्वाचं आहे, कारण जो काही घोळ होतो तो बऱ्याचदा टेस्टच्या आधीच्या पंधरा दिवसांत होऊन गेलेला असतो आणि मग रिपोर्टवर निगेटिव्ह छापून आलं की सगळे खूश. मला मुख्य तेच सांगायचंय, बाकीचं ओघाने येईल.

आधी हा जंतू कोण ते थोडक्यात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार आकाराचा, एका टोकाला शेपट्या असलेला बॅक्टेरिया, जठराच्या आतल्या चिकट थरात घर करून राहतो. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत मायक्रोस्कोपखाली हे जंतू दिसत होते, पण जठरात इतकं ॲसिड असतं की तिथे जंतू टिकूच शकत नाही अशी तेव्हाची पक्की समजूत, त्यामुळे फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचा प्रयत्न चालला होता आणि काही केल्या जमत नव्हतं, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट टाकून द्यायची असा शिरस्ता. १९८२ ला ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे प्लेट्स तशाच पडून राहिल्या आणि सुट्टीनंतर बघतात तर जंतू मस्त वाढलेले, म्हणजे पठ्ठ्या फक्त सावकाश वाढणारा होता. तरी या जंतूमुळे जठराला सूज आणि अल्सर होतो हे लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसांत मळमळ, उलट्या चालू झाल्या आणि दुर्बिणीतून तपासलं तर जठराला सूज आणि तिथे हेच जंतू. (यातून त्यांना अल्सर झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही, जठराची सूज झाली होती, अल्सर नव्हता.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता या जंतूबद्दल घाबरून जायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या, जगात कोट्यवधी लोकांच्या पोटात हा आहे आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. संसर्ग साधारण लहानपणीच होतो, घरातल्या घरात, आणि औषध घेतलं नाही तर जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतो. पण ज्याला अल्सर झालाय त्याची गोष्ट वेगळी. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी अल्सर भरून येतो, दुखणं थांबतं, माणूस म्हणतो झालं बरं, आणि आत जंतू जिवंत असेल तर वर्षभरात अर्ध्याहून जास्त लोकांचा अल्सर परत उगवतो. जंतू मारला तर परत येण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. शिवाय १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. संसर्ग असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही, फार थोड्यांना होतो, पण अल्सर झालेल्या माणसाने जंतू आहे की नाही हे न बघताच नुसत्या गोळ्या खात राहणं मला तरी पटत नाही.

बरं, मग पोटात न जाता पोटातला जंतू कळतो कसा? तर हा जंतू ॲसिडमध्ये जिवंत राहायला जी युक्ती वापरतो त्याच युक्तीवर त्याला पकडायचं. त्याच्याकडे युरियेज नावाचं एन्झाइम ढिगाने असतं. आपल्या शरीरात युरिया तर असतोच, जठरातही थोडा येतो, हा जंतू तो युरिया फोडून त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. अमोनियामुळे त्याच्या आजूबाजूचं ॲसिड मारलं जातं आणि साहेब आरामात राहतात. आपल्या स्वतःच्या पेशी युरियेज बनवतच नाहीत, त्यामुळे जठरात युरिया फटाफट फुटत असेल तर तिथे पाहुणा आहे हे जवळपास नक्की.

फुंकायची टेस्ट, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. तुम्हाला युरिया प्यायला देतात, पण त्यातला कार्बन खुणेचा असतो, साध्या कार्बनपेक्षा थोडा जड. जंतू असेल तर तो युरिया फोडणार, खुणेचा कार्बन डायऑक्साइड जठरातून रक्तात जाणार, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात. जंतू नसेल तर युरिया तसाच न फुटता पुढे जातो, रक्तात शोषला जातो आणि लघवीवाटे निघून जातो.

प्रत्यक्षात काय होतं तर काही तास उपाशीपोटी यायला सांगतात, सिगारेट वगैरे नको, तोंड धुऊन चूळ भरायला सांगतात कारण तोंडातल्या काही जंतूंकडेही युरियेज असतं आणि युरिया तिथेच फुटला तर उगाच पॉझिटिव्ह यायची भीती. मग पहिल्यांदा एका पिशवीत किंवा नळीत फुंकायचं, हा झाला आधीचा नमुना. मग युरियाचं पाणी प्यायचं, त्यात बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड असतं म्हणून चव आंबटसर लागते. ते आंबट चवीसाठी घातलेलं नसतं बरं का, त्याने पेय जठरात जास्त वेळ थांबतं, आणि दुसरं म्हणजे या जंतूच्या अंगावर युरिया आत घ्यायची जी दारं असतात ती आजूबाजूला ॲसिड असलं तरच नीट उघडतात. हा दारांचा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणारे. पाणी पिऊन झालं की २०-३० मिनिटं एका जागी शांत बसायचं, जिने चढउतार नाही, बाहेर चक्कर मारून येणं नाही, कारण हालचाल केली की शरीरातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बदलतं आणि आकडे हलतात. वेळ झाली की दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. संपलं. फुंकताना लोक काय करतात की घाबरून अर्धवट वरवरचा श्वास सोडतात, तर तसं न करता श्वास घेऊन थोडा थांबवायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा, मशीनला फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते.

खुणेचा कार्बन दोन प्रकारचा मिळतो. कार्बन-१३ हा किरणोत्सर्गी नाही, निसर्गात जेवढा कार्बन आहे त्यातला साधारण १.१ टक्के हाच असतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या श्वासातही तो आहेच. म्हणूनच आधीचा नमुना घ्यावा लागतो, पहिला आणि दुसरा यांतला फरक बघतात, आणि रिपोर्टवर तो फरक डेल्टा म्हणून आकड्यात येतो. पॉझिटिव्हची रेघ कुठे हे किट आणि मशीनवर ठरतं, साधारण हजारी ३ ते ५ च्या आसपास असते, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या रेघेशी लावून बघू नका. आकडा रेघेला अगदी चिकटून आला असेल तर डॉक्टर परत करायला सांगू शकतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असंही नसतं.

दुसरा कार्बन-१४, हा किरणोत्सर्गी. शब्द ऐकूनच लोक दचकतात पण कॅप्सूलमधली मात्रा इतकी बारीक असते की निसर्गातून आपल्याला एका दिवसात जेवढं रेडिएशन असंही मिळतं त्याच्यापेक्षाही कमी. तरी गरोदर बायका आणि लहान मुलं यांना कार्बन-१४ देत नाहीत, त्यांच्यासाठी कार्बन-१३ वापरता येतो. अचूकतेत दोघांत सांगण्यासारखा फरक नाही, दोन्ही ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच.

शौचाची टेस्ट लोकांना नकोशी वाटते पण ती अजिबात दुय्यम नाही. जठरातल्या जंतूंचे तुकडे, प्रथिनं वगैरे, आतड्यातून वाहत शेवटी शौचात येतात, आणि लॅब त्यांना शोधते. याला स्टूल अँटिजेन टेस्ट म्हणतात. इथे नाव नीट वाचायचं, अँटिजेन म्हणजे जंतूचा स्वतःचा भाग आणि अँटिबॉडी म्हणजे आपल्या शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली गोष्ट, दोन्ही शब्द ऐकायला जुळे भाऊ वाटतात पण रिपोर्टचा अर्थ पार बदलतो. स्टूल अँटिजेनमध्येही लॅबमध्ये एलायझा पद्धतीने, त्यातही मोनोक्लोनल प्रकारच्या किटने केलेली टेस्ट भरवशाची, आणि १० मिनिटांत रेघ दाखवणारी झटपट कार्डं त्या मानाने कच्ची. नमुना वाटाण्याएवढा पुरतो, फक्त तो कमोडच्या पाण्यातला किंवा लघवी मिसळलेला नको, जुलाब चालू असताना पाण्यासारखी होत असेल तर थांबा कारण जंतूचे तुकडे पातळ होऊन सापडत नाहीत, आणि लगेच लॅबला पोचवणं शक्य नसेल तर थंड ठेवायचा. लहान मुलांना, किंवा ज्यांना नीट फुंकता येत नाही अशांना हीच सोयीची.

आता मुख्य घोळ. अल्सरचा पेशंट म्हटला की तो ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल यातलं काहीतरी घेतच असतो, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी. या गोळ्यांना डॉक्टर लोक पीपीआय म्हणतात. त्या ॲसिड बंद करतात, आणि ॲसिड गेलं की वर सांगितलेली जंतूची युरियाची दारं बंद होतात, जंतूंची संख्या कमी होते, शिवाय ते जठराच्या खालच्या भागातून सरकून वरच्या भागात जातात. मेलेले नसतात हां, नुसते दबलेले असतात. अशा वेळी ब्रेथ टेस्ट करा नाहीतर शौचाची करा, जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. दुर्बिणीतून तुकडा काढून केलेल्या तपासणीलाही हीच अडचण येते. म्हणून पीपीआय टेस्टच्या आधी किमान २ आठवडे बंद हवी, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ असलेलं औषध किमान ४ आठवडे. व्होनोप्राझान सारख्या नव्या गोळ्याही ॲसिड बंद करणाऱ्याच, त्यांनाही हाच नियम.

आणि अँटिबायोटिक म्हणजे फक्त पोटासाठी घेतलेलं नाही, दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं, घसा धरला म्हणून घेतलेलं, सगळं धरायचं. हे कोणी विचारत नाही आणि पेशंटलाही सांगायचं सुचत नाही.

उलट बाजूही सांगते, गोळी चालू असताना टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर ती सहसा खरी मानतात. गोळीने जंतू लपतो, नसलेला जंतू दिसायला लागत नाही. म्हणजे शंका घ्यायची ती निगेटिव्हवर.

पण २ आठवडे गोळी बंद ठेवणं बोलायला सोपं आहे. महिनोन्महिने पीपीआय घेतलेल्या माणसाने ती अचानक थांबवली की जठर उसळी मारून नेहमीपेक्षा जास्त ॲसिड सोडतं आणि आधीपेक्षा जास्त जळजळ होते, मग चौथ्या-पाचव्या दिवशी बिचारा गुपचूप एक गोळी घेतो आणि टेस्टच्या दिवशी "घेतली नाही" म्हणून सांगतो. कृपया सांगा. तारीख पुढे ढकलता येते, पण चुकीच्या निगेटिव्हवर विसंबून पुढची सगळी ट्रीटमेंट चुकते. मधल्या दिवसांसाठी साधं अँटासिड किंवा फॅमोटिडिनसारखी हलकी गोळी चालू शकते, तीही टेस्टच्या आधी एक-दोन दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आणि ज्यांना नुकताच अल्सरमधून रक्तस्राव झालाय किंवा जे रक्त पातळ करायची औषधं घेतात त्यांनी पीपीआय स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही, टेस्टपेक्षा जीव मोठा.

रक्तस्रावाचा विषय निघालाच आहे तर, अल्सरमधून रक्त जात असताना केलेल्या टेस्ट चकवा देतात. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची टेस्टही अशा वेळी खोटी निगेटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं, वर पेशंटला पीपीआयचे मोठे डोस चालू असतात. म्हणून ॲडमिट असतानाचा निगेटिव्ह रिपोर्ट फाइलमध्ये लावून विसरायचा नसतो, रक्तस्राव थांबून अल्सर भरल्यावर योग्य वेळ बघून ब्रेथ किंवा शौचाची टेस्ट परत करायची असते. डिस्चार्जच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. घरी येताना एवढं एक विचारून घ्या की परत टेस्ट कधी.

राहिली रक्ताची टेस्ट. सगळ्यांना ही आवडते कारण उपाशी राहायला नको, फुंकायला नको, गोळी बंद करायला नको, सुई टोचली की झालं. पण ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते, आणि चोर गाव सोडून गेला तरी पोलिस स्टेशनच्या भिंतीवर त्याचा फोटो लागलेलाच असतो. जंतू मेल्यावरही अँटिबॉडी महिनोन्महिने, कधी कित्येक वर्षं रक्तात राहतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तरी संसर्ग आत्ता आहे की पूर्वी कधी होऊन गेला ते कळत नाही.

आकड्यात बघा. समजा १००० माणसं आहेत, त्यातल्या २०० जणांना खरंच संसर्ग आहे, आणि टेस्ट अशी आहे की १०० आजारी माणसांतले ८५ पकडते आणि १०० निरोगी माणसांतल्या २० जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. २०० पैकी १७० पकडले गेले, छान. पण उरलेल्या ८०० निरोगी लोकांतले १६० पण पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह ३३० आणि त्यातले जवळजवळ निम्मे खोटे, आणि या निम्म्यांना १४ दिवस दोन-दोन अँटिबायोटिक विनाकारण. जिथे संसर्गच फार पसरलेला आहे तिथे हे गणित थोडं बरं दिसतं, कारण खऱ्या पॉझिटिव्हांची संख्या वाढते. पण ब्रेथ आणि स्टूल टेस्ट उपलब्ध असताना फक्त अँटिबॉडीवर निर्णय घेऊ नये असंच आताचे सल्ले सांगतात. तिचा उपयोग उरतो तो थोड्या ठिकाणी, उदाहरणार्थ रक्तस्राव चालू आहे, पीपीआय थांबवता येत नाही, अशा वेळी डॉक्टर इतर गोष्टींबरोबर ती वापरू शकतात कारण गोळ्यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. लाळ आणि लघवीतून अँटिबॉडी बघायच्या टेस्टही निघाल्यात, त्यांच्या नादी लागायची गरज नाही.

टेस्ट करून जंतू सापडला, १४ दिवसांचा कोर्स झाला, पोट शांत झालं. इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच थांबायचं नसतं. त्रास थांबणं आणि जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण कोर्समध्ये ॲसिडची गोळीही असते आणि तिने तसंही बरं वाटतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकला हे जंतू बऱ्याच ठिकाणी जुमानेनासे झालेत, त्यामुळे कोर्स पूर्ण घेऊनही जंतू शिल्लक राहणं काही दुर्मिळ नाही. म्हणून कोर्स संपल्यावर किमान ४ आठवडे जाऊ द्यायचे, त्यातले शेवटचे किमान २ आठवडे पीपीआय नाही, आणि मग ब्रेथ नाहीतर स्टूल अँटिजेन टेस्ट. लवकर केली तर अर्धमेले जंतू सापडत नाहीत आणि खोटा आनंद होतो.

आता या टेस्ट काय सांगत नाहीत तेही. जंतू आहे की नाही एवढंच त्या सांगतात, अल्सर आहे की नाही, भरलाय की नाही, ते नाही. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं, किंवा वय झाल्यावर पहिल्यांदाच पोटाचा असा त्रास सुरू होणं, यातलं काही असेल तर फुंकून भागणार नाही, दुर्बीण लागतेच. जठराच्या अल्सरला दुर्बिणीने तुकडा घेऊन बघायला सांगतात कारण क्वचित कॅन्सर अल्सरचं रूप घेऊन बसलेला असतो. आणि दुखण्यावरच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, हे अल्सरचं दुसरं मोठं कारण. जंतू सापडला म्हणून त्या गोळ्या निर्दोष सुटत नाहीत, दोन्ही एकत्र असले तर धोका अजून वाढतो.

उपचारानंतरची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तोच कोर्स परत घ्यायचा नसतो, अँटिबायोटिक बदलून देतात. काही लॅबमध्ये शौचाच्याच नमुन्यातून पीसीआर (जंतूचा डीएनए बघायची टेस्ट) करून जंतूवर क्लॅरिथ्रोमायसिन चालेल का तेही बघता येतं, म्हणजे त्यासाठी दरवेळी दुर्बीण लागतेच असं राहिलेलं नाही. मागचे कोर्स कुठले झाले त्याच्या चिठ्ठ्या मात्र जपून ठेवा, डॉक्टरांचं अर्धं काम त्यावर होतं.

आणि जंतू गेल्याचं ब्रेथ किंवा स्टूल टेस्टने पक्कं झालेलं असताना, दोन-तीन वर्षांनी कुठल्या तरी हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह असं लाल अक्षरात आलं, तर ती रक्तातली जुनी अँटिबॉडी आहे, त्यावर परत अँटिबायोटिक सुरू करू नका. त्रास नसेल तर काहीच करायला नको, आणि अल्सरची लक्षणं परत आली असतील तर पीपीआय न घेता २ आठवडे काढून ब्रेथ टेस्ट करायला सांगा.